भावासाठी आलेली बाई

सोमवार, २ मार्च

डावी काच उजवीकडे, उजवी डावीकडे. धाकट्या भावाने केलं ते एवढंच. निवृत्त पोस्टमास्तर नवा चष्मा लावून दुकानाच्या पायऱ्या उतरायला लागले आणि शेवटची पायरी त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच खाली निघाली. मनगट मोडलं.

सकाळी भावजय त्याला माझ्या दारात सोडून गेली. सोबत त्याची पिशवी आणि उशी. (उशी! म्हणजे मुक्काम आहे.) दुकान दोघांचं. काउंटर तिचं, काचा घासायचं यंत्र याचं. आता त्या यंत्रावर तिने कापड टाकून ठेवलंय. आवाज न चढवता म्हणाली, "ताई, पोस्टमास्तर भांडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, जाऊ दे, मला माहीत होतं. आता सांगा, गावाला माहीत असून लोक येतात ते माझ्या तोंडाकडे बघून. किती दिवस येतील?" याचं पिणं थांबलं तर यंत्रावरचं कापड निघेल. नाही थांबलं तर काचा ती बाहेरून घासून आणणार. आणि हा माझ्याकडेच.

संध्याकाळी खोलीतून बाहेर येऊन धाकटा म्हणाला, माझे हात ठीक आहेत, हल्ली काचाच... हल्ली काचांना काय झालंय ते कळायचं राहिलं.

बुधवार, ४ मार्च

बाटली सापडली. माझ्या संस्कृत कोशाच्या मागे! जागेची निवड विचारपूर्वक आहे. तो कोश या घरात माझ्याशिवाय कुणी उघडत नाही आणि मीही हल्ली उघडत नाही, हे त्याने हेरलं. अपमान माझा झाला की कोशाचा, ठरवता येईना.

अर्धी बेसिनमध्ये ओतली, तेवढंच पाणी घातलं, होती तिथे ठेवून दिली. चोराच्या घरी चोरी.

शुक्रवार, ६ मार्च

आज परत थोडी ओतली. परत पाणी. असंच चाललं तर महिन्याभरात तो निव्वळ पाण्यावर येईल आणि कळायचंही नाही त्याला, अशी माझी भाबडी आशा.

दुपारी कचेरीत नळयोजनेची बातमी लिहून झाली, संपादकांची वाट बघत बसले होते म्हणून आमच्याच वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचल्या. इतकी वर्षं बातमीदारी केली, पण या पानाकडे कधी पाहिलं नव्हतं. शिलाई मशीन विकणे आहे आणि पोपट हरवला आहे, या दोहोंच्या मध्ये ही:

"पिण्याचा त्रास होतो? आम्हालाही व्हायचा. मंगळवार संध्याकाळ, सार्वजनिक ग्रंथालय, मागचं दार."

आम्हालाही व्हायचा! आमच्या अख्ख्या अंकात इतकं स्वच्छ वाक्य नाही. लिहिणारा कोण असेल?

खालच्या नंबरावर फोन केला. म्हटलं, भावासाठी विचारतेय. पलीकडचा माणूस फारच मऊ आवाजात म्हणाला, "हो, हो. या ना तुम्ही."

घरी धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, तिथे रडतात. तुला कसं ठाऊक? तर म्हणे ऐकलंय. बरं, मीच आधी बघून येते. जिथे स्वतः गेले नाही तिथली बातमी मी देत नाही. मग भावाला तरी कशी पाठवू?

मंगळवार, १० मार्च

ग्रंथालयाला मागची दारं दोन आहेत. हे जाहिरातीत नव्हतं.

पहिलं दार उघडलं. आत बरीच माणसं, सगळी पाठमोरी, सगळ्यांच्या माना खाली. कुणी कुणाशी चकार शब्द बोलत नाही. एकाने कपाळ दोन्ही हातांत धरलेलं. दुसरा मधूनच खोल सुस्कारा टाकतोय. मला गलबलून आलं. मागच्या बाकावर हळूच टेकले आणि आदराने तशीच मान खाली घातली. पुष्कळ वेळाने कपाळवाला सावरून बसला, हात पुढे केला आणि समोरच्याचा घोडा उचलला.

बुद्धिबळ मंडळ!

बाहेर आले तर शेजारच्या दारातून माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत निघत होती. ते मद्यपी.

घरी धाकट्याने विचारलं, रडत होते का? म्हटलं, एकजण आला होता रडकुंडीला. वजीर गेला बिचाऱ्याचा.

तो हसला. या घरी आल्यापासून पहिल्यांदा.

मंगळवार, १७ मार्च

आज योग्य दार.

खोली जुन्या मासिकांची. गठ्ठ्यांच्या मधोमध मोकळी जागा, कोपऱ्यात घडीच्या खुर्च्यांची चळत. मी चळतीकडे गेले तर गळ्यात मोजपट्टी अडकवलेल्या एका बाईने अडवलं. शिवणकाम करतात, सगळे त्यांना शिंपीणबाईच म्हणतात. "तुमची मांडलेली आहे," म्हणाल्या.

रीत अशी: आपली खुर्ची आपण मांडायची नाही. आधीच्याने मांडून ठेवलेल्या खुर्चीवर बसायचं आणि बसण्यापूर्वी शेजारी पुढच्यासाठी एक मांडायची. त्यामुळे वर्तुळात एक खुर्ची कायम रिकामी. ती कुणाची? येईल त्याची. कुणी आलंच नाही तर? तर उचलून ठेवायची आणि पुढच्या मंगळवारी परत.

माझ्यातली जुनी विद्यार्थिनी जागी झाली. माझी माझ्या आधीच्याने मांडली, त्याची त्याच्या आधीच्याने. मग पहिल्याची कुणी? न्यायशास्त्रात याला अनवस्था म्हणतात. मोठा दोष! इथे त्याच्यावरच सभा उभी आहे. न राहवून विचारलं. शिंपीणबाई म्हणाल्या, "पहिली मी येते. दुसरं कुणी येऊन माझी मांडेपर्यंत उभी राहते."

शास्त्रकारांना हे सुचलं नव्हतं.

मग एकेकाने बोलायचं. काय बोलले ते इथे लिहिणार नाही. तिथलं तिथेच, असा त्यांचा नेम, आणि वही झाली तरी ती बाहेरच. अपवाद जहाजीचा. हा पूर्वी मालवाहू बोटीवर होता. पेपरातली बाई म्हणून त्याने मला आपणहून मोकळीक दिली: "माझी गोष्ट खुशाल छापा. गावाने फुकट पाहिलेली आहे." जाहिरातीही तोच लिहितो! फोनवरचा आवाजही त्याचाच.

माझी पाळी आली. म्हटलं, मी भावासाठी आलेय.

सगळे हसले. कुचेष्टेने नाही. आजारी माणसाने "आज बरं वाटतंय" म्हटल्यावर नातेवाईक हसतात, तसे.

जहाजी म्हणाला, "मी पहिल्यांदा बोटीवरच्या एका मित्रासाठी आलो होतो."

शिंपीणबाई म्हणाल्या, "मी नवऱ्यासाठी. तो चहासुद्धा पीत नाही."

मी म्हटलं, अहो, खरंच भाऊ आहे. चष्म्यांचं काम करतो. तर जहाजी म्हणाला, असू दे ना, सावकाश. मी जितकं सांगत गेले तितके ते मान डोलावत गेले. शेवटी मीच गप्प बसले, तर शिंपीणबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला!

निघताना जहाजीने सगळ्यांना पेपरमिंटच्या गोळ्या वाटल्या. मूठभर मलाही. म्हणाला, तोंडाला काहीतरी चाळा हवा.

बुधवार, १८ मार्च

धाकट्याला म्हटलं, रडत नाहीत. येतोस? नाही म्हणाला.

शुक्रवार, २० मार्च

मी परत का जाणार आहे, याचा दिवसभर विचार केला. भाऊ येणार नाही म्हणतोय. माझं काम संपलं. पण एक कुतूहल आहे ते सुटत नाही. ही माणसं सुटली ना एकदा? मग दर मंगळवारी परत त्याच खोलीत का येतात? पोहायला शिकलेला माणूस पोहणं शिकवणाऱ्याच्या दारात जन्मभर उभा राहत नाही.

संपादकांना ओझरतं बोलले. लगेच डोळे चमकले: "छान लेख होईल!" म्हटलं, होणार नाही.

मंगळवार, २४ मार्च

भिंतीवर एक पाटी आहे, गेल्या खेपेला पाहिली नव्हती. "पिणं थांबावं ही इच्छा, एवढी पात्रता पुरे."

कुणाचं पिणं, ते लिहिलेलं नाही. मीमांसकांना नेऊन बसवलं असतं तर त्यांनी या एका वाक्यावर मला आजन्म सभासदत्व मिळवून दिलं असतं. माझी इच्छा तर खोलीतल्या कुणापेक्षाही कमी नाही.

तरी मन खात राहिलं. सभा संपल्यावर शिंपीणबाईंना बाजूला घेतलं. स्पष्ट सांगितलं की मी थेंबही घेत नाही, कधी घेतला नाही, खरोखरच भावासाठी येते, आणि तुम्हाला चालत नसेल तर येणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. पुढच्या मंगळवारचं दूध तुम्ही आणा."

विश्वास ठेवला की नाही? मला अजून कळलेलं नाही. दूध मात्र नेणार.

परत येताना भावजयीच्या दुकानावरून आले. यंत्रावर कापड तसंच. पोस्टमास्तरांचा नवा चष्मा तिने बाहेरून करून आणलाय. तिने विचारलं, ताई, काही फरक? नरो वा कुंजरो वा करून निसटले.

रविवार, २९ मार्च

धाकटा विचित्र वागतोय. मी घरी आले की दारात उभा. जवळून जातो आणि हळूच श्वास आत ओढतो. काल कोशाच्या मागची बाटली हातात धरून उजेडाकडे करून बघत होता. मी आल्यावर पटकन ठेवून दिली. पाणी जास्त झालं वाटतं.

मंगळवार, ३१ मार्च

दूध नेलं. शेजारी खुर्ची मांडली. रिकामीच राहिली. ती उचलून चळतीत ठेवताना उगाच जड लागली.

जहाजीला विचारलं, तुम्ही आता घेत नाही, मग अजून का येता? म्हणाला, "उद्यापरवा एखादा नवा येईल, त्याला कुणीतरी बसलेलं दिसायला नको? रिकाम्या खोलीत कोण शिरतं?" वर म्हणाला, शिवाय चहा बरा असतो. चहा अजिबात बरा नसतो.

शनिवार, ४ एप्रिल

आजचं सविस्तर लिहायला हवं. हसू आवरत नाही, आणि रडूही येतंय.

चारच्या सुमारास धाकटा समोर येऊन बसला. ताठ. लहानपणी वडील आम्हाला शब्द चालवायला बसवायचे तेव्हा बसायचा, तसा. म्हणाला, "ताई, खरं सांग. कधीपासून?"

मी म्हटलं, काय कधीपासून?

त्याने बोटांवर मोजून दाखवलं. बाटलीतली कमी होते आणि वर पाणी येतं. मी येत नाही म्हटलं तरी दर मंगळवारी तू त्या सभेला जातेस. येतेस तेव्हा डोळे लाल. आणि तोंडाला पेपरमिंट! "पेपरमिंट कशासाठी खातात हे तू मला शिकवणार?"

चोराला चोराच्या खुणा. इतका नेटका पुरावा मी कुठल्या बातमीसाठी गोळा केला नसेल.

तोंड उघडलं होतं मी. वेड्या, तुझी बाटली बेसिनला पाजतेय, हे वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "एकटी जात जाऊ नको. मी येईन तुझ्याबरोबर."

तोंड मिटलं. मौनं सर्वार्थसाधनम्. वडिलांनी पाठ करून घेतलेल्यांपैकी एवढं एक तरी आज कामाला आलं.

सोमवार, ६ एप्रिल

हे खोटं आहे का? मी काहीच बोललेले नाही. पण न बोलून त्याला फसवलंच की. दिवसभर टोचत होतं. मग अरुंधतीदर्शनन्याय आठवला. बारीक तारा दाखवायचा असला की आधी त्याच्या शेजारचा ठळक तारा दाखवतात, नजर तिथे ठरली की मग म्हणायचं, हा नव्हे, त्याच्या पलीकडचा. म्हणजे मी ठळक तारा. वजन बघता उपमा सार्थ आहे.

न्याय हवा तसा सापडतो. टोचणी गेली नाही.

मंगळवार, ७ एप्रिल

आला! दाराशी जरा अडखळला. म्हटलं, हे नव्हे, हे बुद्धिबळाचं.

मी माझ्या खुर्चीवर बसण्यापूर्वी शेजारची मांडली. इतके आठवडे मांडत आले ती. तिच्यावर तो बसला. बसल्यावर शिंपीणबाईंनी नजरेने खुणावलं, तसा उठला आणि काही न विचारता पुढच्यासाठी एक मांडली.

त्याची पाळी आली. घसा खाकरून म्हणाला, "मी ताईसाठी आलोय."

सगळे हसले. तसंच, अगदी तसंच. शिंपीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

जहाजी म्हणाला, "मी बोटीवरच्या एका मित्रासाठी आलो होतो."

गुरुवार, ९ एप्रिल

धाकट्याने घर धुंडाळलं. कोशामागची काढली. मला माहीत नसलेल्या आणखी दोन निघाल्या, एक तर पिठाच्या डब्यातून! सगळ्या बेसिनमध्ये रिकाम्या केल्या. म्हणाला, "तू असताना घरात असली वस्तू ठेवणं बरं नाही." मी खालमानेने हो म्हटलं.

शनिवार, ११ एप्रिल

धाकट्याचे हात थरथरताहेत, घाम, रात्री झोप नाही. घाबरले. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, कोण घेतं? तो म्हणाला, ही. मी म्हटलं, हा. त्यांनी दोघांना हात पुढे करायला लावले, क्षणभर पाहिले आणि गोळ्या त्याच्या नावावर लिहिल्या. मला दटावलं: असं एका झटक्यात बंद करणं जिवावर बेतू शकतं, आधी आणायला हवं होतं. खरं आहे. माझ्या पाण्याच्या प्रयोगाबद्दल बोलायचा धीर झाला नाही.

बाहेर आल्यावर म्हणाला, डॉक्टरही चुकतात कधीकधी. म्हटलं, चुकतात ना.

मंगळवार, १४ एप्रिल

दोघं गेलो. तो काही बोलला नाही. पेपरमिंट घेतलं.

मंगळवार, २१ एप्रिल

आज बोलला, माझ्याविषयी. ताईचा स्वभाव कसा, कुणाला काही सांगत नाही, सगळं विनोदावर नेते, लोकांची दुखणी छापते आणि आपली कोशात ठेवते. मी ऐकत होते. माझ्याविषयी नव्हतंच ते. पण सगळंच त्याच्याविषयीही नव्हतं.

शुक्रवार, २४ एप्रिल

आज वास. पेपरमिंटचा नाही.

जेवला नाही, दार लावून घेतलं.

सोमवार, २७ एप्रिल

उद्या येणार नाही बहुतेक. उशी पिशवीत भरून ठेवलेली दिसली. कुठे जाणार? भावजय घरात घेणार नाही. मी विचारलं तर जाईल. नाही विचारलं तरी जाईल. कुतूहलाने इतकी माणसं बोलती केली मी, आणि शेजारच्या खोलीतल्या एका माणसाला काय विचारायचं ते कळत नाही.

मंगळवार, २८ एप्रिल

मी चपला घालत होते. तो खोलीतून बाहेर आला, चपला घातल्या.

सभेत त्याची पाळी आली. म्हणाला, "या आठवड्यात ताईचं जरा चुकलं. शुक्रवारी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आयुष्यात प्रथमच दारूबद्दल ओशाळले, आणि चांगली ओशाळले.

शिंपीणबाई माझ्याशी बोलल्या, ऐकत मात्र तो होता. त्या म्हणाल्या, "चुकलं ते शुक्रवारी. आज मंगळवार आहे, आणि तुम्ही आलात." जहाजी म्हणाला, माझं किती वेळा चुकलं ते बोटीच्या कप्तानाला विचारा. फक्त परत यायचं. येणार ना?

म्हटलं, येईन.

धाकटा पुटपुटला, "येईल ती."

घरी आल्यावर उशी पिशवीतून काढली त्याने.

मंगळवार, ५ मे

काल नगरपालिकेच्या जिन्यावर पाय मुरगळला. (चष्मा बरोबर होता.) घोटा भोपळ्यासारखा. म्हटलं, आज राहू दे, जमणार नाही मला.

तो भांग पाडत होता. आरशातूनच म्हणाला, "तू पड. ताई, तू घेत नाहीस हे मला पहिल्यापासून माहीत आहे."

मी उठूनच बसले. कसं?

"बेसिनला वास यायचा. पिणारा माणूस वर पाणी घालतो गं. पण बेसिनमध्ये ओतत नाही."

मग ते सगळं? ते कधीपासून, ते पेपरमिंट?

"कुणासाठी तरी आलोय, असं म्हटल्याशिवाय ते दार उघडता येत नाही. तू म्हणालीस की भावासाठी. मग मी कुणासाठी म्हणणार होतो?"

म्हटलं, आणि आज काय सांगशील?

त्याने दुधाची पिशवी उचलली, दार ओढून घेतलं आणि एकटाच गेला.